इंटरनेट बंद असतानाही पीएचपी शिकता यावी म्हणून: मोफत साहित्य जमवण्याचा क्रम

पीएचपी ही वेबसाइट बनवायची प्रोग्रॅमिंगची भाषा. ती शिकू पाहणारी मुलं माझ्याकडे पेनड्राइव्ह घेऊन येतात. त्यात आठ-दहा पीडीएफ असतात, शे-दीडशे व्हिडिओंचा एखादा कोर्स असतो, 'फुल प्रोजेक्ट सोर्स कोड' अशा नावाच्या झिप फायली असतात. पीएचपी चालवणारा प्रोग्रॅम मात्र बहुतेक वेळा नसतोच. असलाच तर पीडीएफ ५.३ आवृत्तीवरची, व्हिडिओ ७ चे आणि प्रोग्रॅम ८ चा. मग डेटाबेसचा पहिलाच धडा 'फेटल एरर' दाखवतो आणि मुलगी म्हणते, "सर, मला हे जमणार नाही." तिला जमत असतं. तिच्याजवळचं साहित्य एकमेकांशी जुळत नसतं, एवढंच.

ही जुळणी कशी करायची ते इथे सांगतो. गावाकडे नेट तुटक चालतं, होस्टेलवर दिवसाचा डेटा दुपारीच संपतो, अशांसाठी हे आहे. एकदा चांगल्या नेटजवळ बसून काय उतरवून घ्यायचं, कोणत्या क्रमानं, आणि उठण्याआधी ते चालतं का हे कसं पाहायचं, ते पुढे टप्प्याटप्प्यानं येईल. यातलं सगळं साहित्य मोफत आणि कायदेशीर आहे. टप्पे उलटसुलट करू नका. मी पाहिलेले बहुतेक घोळ तिथेच झालेले आहेत.

वाचताना एक लक्षात ठेवा: आज्ञा, फाइलींची आणि फोल्डरांची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. संगणकावर ती इंग्रजी लहान अक्षरांत लिहायची. जिथे मोठं अक्षर हवं तिथे तसं सांगितलं आहे.

तयारी: घरून निघण्याआधी

कागदावर चार गोष्टी लिहून घ्या. संगणक ३२ बिट आहे की ६४ बिट (विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टीम, अबाउट या क्रमानं गेल्यावर कळतं). रॅम किती. सी ड्राइव्हवर मोकळी जागा किती. पाच जीबी असेल तर निवांत काम होतं. आणि पेनड्राइव्ह कोणत्या पद्धतीनं फॉरमॅट केला आहे. तो एफएटी ३२ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी एकच फाइल त्यावर जात नाही. ऐन वेळी 'फाइल टू लार्ज' असा निरोप येतो आणि लोकांना पेनड्राइव्ह बिघडला असं वाटतं.

जमलं तर ज्या लॅपटॉपवर शिकणार आहात तोच सोबत न्या. सायबर कॅफेतल्या संगणकावर उतरवून घरी आणलं की चाचणी घरी होते, आणि तिथे काही कमी निघालं तर पुन्हा तालुक्याला फेरी पडते.

टप्पा १: आधी आवृत्ती ठरवा

काहीही उतरवण्याआधी पीएचपीच्या अधिकृत संकेतस्थळावर, म्हणजे पीएचपी डॉट नेटवर जा आणि 'सपोर्टेड व्हर्जन्स' हे पान उघडा. कोणत्या आवृत्तीला कधीपर्यंत दुरुस्त्या मिळणार, हे तिथे रंगीत पट्ट्यांत दाखवलेलं असतं. दरवर्षी साधारण नोव्हेंबरात नवी आवृत्ती येते. तिला दोन वर्षं सर्व प्रकारच्या दुरुस्त्या मिळतात आणि पुढची दोन वर्षं फक्त सुरक्षेच्या. उदाहरणार्थ, ८.३ नोव्हेंबर २०२३ मध्ये आली आणि तिच्या सुरक्षा-दुरुस्त्या २०२७ च्या अखेरपर्यंत आहेत. ८.४ नोव्हेंबर २०२४ मध्ये आली, तिची मुदत २०२८ च्या अखेरीस संपते.

शिकणाऱ्यानं ८ मालिकेतली, अजून दुरुस्त्या मिळणारी कोणतीही आवृत्ती घ्यावी. अगदी ताजीच हवी असा हट्ट नको. पण ५ किंवा ७ नको म्हणजे नको. ५.६ ची मुदत २०१८ च्या शेवटी संपली, ७.४ ची नोव्हेंबर २०२२ मध्ये.

ठरवलेला आकडा कागदावर सगळ्यांत वर लिहा. यापुढे जे जे उतरवाल ते या आकड्याशी ताडून पाहायचं.

> सावध: 'कॉलेजच्या लॅबमध्ये जुनी आवृत्ती आहे म्हणून घरीही तीच घेतो' हा विचार पटण्यासारखा वाटतो, पण उलट करा. नवी आवृत्ती शिकून जुनी वाचता येते. जुन्या सवयी मोडायला फार वेळ लागतो.

टप्पा २: जुनं साहित्य ओळखायला शिका

हा टप्पा लोक गाळतात, म्हणून तो इतक्या वर घेतला आहे. एखादी पीडीएफ मोफत आहे आणि मराठी किंवा सोप्या इंग्रजीत आहे एवढ्यावर ती ठेवून घेऊ नका. आधी तिच्यात पुढच्या खुणा शोधा. पीडीएफ उघडून कंट्रोल आणि एफ दाबलं की एका मिनिटात निकाल लागतो.

सर्वांत ठळक खूण म्हणजे 'मायएसक्यूएल' (हे एका डेटाबेसचं नाव) च्या पुढे अंडरस्कोर आणि मग 'कनेक्ट' किंवा 'क्वेरी'. या जुन्या फंक्शनांचा संच डिसेंबर २०१५ मध्ये आलेल्या ७.० मधून काढूनच टाकला गेला. डेटाबेसशी जोडायला आता 'मायएसक्यूएलआय' (शेवटी एक आय असलेला) किंवा 'पीडीओ' वापरतात. फरक एका अक्षराचा दिसतो, पण ते अक्षर जोडून काम भागत नाही. मायएसक्यूएलआयच्या फंक्शनांना कनेक्शन पहिल्या जागी द्यावं लागतं, त्यामुळे जुन्या धड्यात नुसतं 'फाइंड-रिप्लेस' केलं तर नव्या चुका उभ्या राहतात.

दुसरी खूण: 'इरेग' किंवा 'स्प्लिट' ही फंक्शनं. तीही ७.० मध्ये गेली. 'ईच' आणि 'क्रिएट अंडरस्कोर फंक्शन' ८.० मध्ये गेली. 'मॅजिक कोट्स' किंवा 'रजिस्टर ग्लोबल्स' चालू करा असं कुठे लिहिलेलं दिसलं तर ते साहित्य ५.४ च्याही आधीचं आहे.

तिसरी खूण मला सर्वांत महत्त्वाची वाटते. पासवर्ड साठवायला 'एमडी५' शिकवलं असेल किंवा फॉर्ममधून आलेला मजकूर सरळ क्वेरीत (डेटाबेसला द्यायच्या आज्ञेत) चिकटवला असेल, तर त्या धड्याची आवृत्ती कोणतीही असो, तो ठेवू नका. पासवर्डसाठी 'पासवर्ड अंडरस्कोर हॅश' आणि क्वेरीसाठी 'प्रिपेअर्ड स्टेटमेंट' (आज्ञा आणि मजकूर वेगवेगळे देण्याची रीत) या दोन गोष्टी पहिल्या दिवसापासून हाताला लागायला हव्यात. नंतर शिकू म्हणणारे शिकत नाहीत, हे मी बरीच वर्षं पाहतो आहे. आणि त्यांनी केलेल्या साइटवर खऱ्या माणसांचे फोन नंबर असतात.

> तपासा: जवळच्या जुन्या पेनड्राइव्हवरच्या सगळ्या पीडीएफ या तीन खुणांनी चाळा. जे नापास होईल ते वेगळ्या फोल्डरात टाका, त्याला 'जुनं' असं नाव द्या आणि शिकताना तिकडे जाऊ नका.

टप्पा ३: अधिकृत मॅन्युअल

एकच गोष्ट उतरवता येणार असेल तर ही. पीएचपी डॉट नेटवर 'डॉक्युमेंटेशन' मध्ये 'डाउनलोड' चं पान आहे. तिथे मॅन्युअल इंग्रजीशिवाय फ्रेंच, जर्मन, जपानी, स्पॅनिश, तुर्की अशा काही भाषांत मिळतं. मराठीत नाही, हिंदीतही नाही. पण त्यातली इंग्रजी कोरडी, सरळ आणि तीच ती वाक्यं वापरणारी आहे. महिनाभरात डोळ्याला सवय होते.

तिथे दोन प्रकार दिसतील. 'सिंगल एचटीएमएल' म्हणजे सगळं मॅन्युअल एकाच अवाढव्य पानात. ते घेऊ नका. दोन-चार जीबी रॅमच्या लॅपटॉपवर ब्राउझर ते उघडतानाच गुदमरतो. 'मेनी एचटीएमएल फाइल्स' हा प्रकार घ्या. तो दाबून ठेवलेल्या, टार डॉट जीझेड अशा शेवटाच्या फाइलीत येतो आणि मोबाइलवर पाहता त्या बऱ्याच व्हिडिओंपेक्षा लहान असतो. विंडोजसाठीची सीएचएम फाइल कुठून मिळाली आणि उघडल्यावर उजवीकडचं पान कोरंच राहिलं, तर फाइलीवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये 'अनब्लॉक' वर खूण करा. नेटवरून आलेली सीएचएम विंडोज अडवून ठेवतं.

उतरवल्यावर हे करा:

१. ती फाइल जशी आहे तशीच पेनड्राइव्हवर घ्या. आधी सोडवून मग कॉपी करू नका. आत हजारो छोट्या फायली आहेत. त्या एकेक करून पेनड्राइव्हवर जायला तासही लागू शकतो, दाबलेली एक फाइल मात्र काही सेकंदांत जाते.

२. लॅपटॉपवर सेव्हन-झिप या दाबलेल्या फायली सोडवणाऱ्या प्रोग्रॅमनं (तोही उतरवून घ्या) सोडवा. ते दोनदा करावं लागतं. पहिल्यांदा जीझेड सुटून टार फाइल मिळते, मग त्या टारमधून फोल्डर. पहिल्या पायरीनंतर 'एकच फाइल आली, मॅन्युअल कुठे आहे' म्हणून पुष्कळ जण थांबतात.

३. फोल्डरातली 'इंडेक्स डॉट एचटीएमएल' ब्राउझरमध्ये उघडा आणि बुकमार्क करा.

नेट नसताना संकेतस्थळावरचा शोध चालत नाही, म्हणून फाइलींच्या नावांची रीत माहीत करून घ्या. प्रत्येक फंक्शनचं पान 'फंक्शन', टिंब, फंक्शनचं नाव, टिंब, 'एचटीएमएल' अशा नावाचं असतं, आणि नावातल्या अंडरस्कोरच्या जागी हायफन येतं. म्हणजे 'एसटीआर अंडरस्कोर रिप्लेस' हवं असेल तर फोल्डरात 'फंक्शन डॉट एसटीआर हायफन रिप्लेस' शोधायचं. हे कळलं की हवं ते पान शोधायला फार वेळ लागत नाही.

> सावध: साइट उतरवून घेणारी सॉफ्टवेअर लावून पूर्ण पीएचपी डॉट नेट ओढू नका. त्यात डेटा जातो आणि मिळतं तेच, तेही मोडक्या दुव्यांसह. ऑनलाइन पानांखालच्या वाचकांच्या टिपांसाठीही जीव टाकू नका. त्यातल्या बऱ्याच फार जुन्या आहेत.

टप्पा ४: पीएचपी स्वतः

इथे दोन वाटा आहेत आणि दोन्ही बरोबर आहेत. पण पहिल्या दिवशी एकच निवडा.

*पहिली वाट: नुसती पीएचपी.* अधिकृत संकेतस्थळावरून विंडोजची झिप. तीसेक एमबीचं काम. ३२ बिट संगणक असेल तर 'एक्स ८६', ६४ बिट असेल तर 'एक्स ६४'. 'थ्रेड सेफ' आणि 'नॉन थ्रेड सेफ' यात अडकून पडू नका. या लेखात सांगितल्याप्रमाणे वापरायला दोन्ही चालतात, अपाचे सर्व्हरमध्ये (सर्व्हर म्हणजे ब्राउझरला पानं पुरवणारा प्रोग्रॅम) मॉड्युल म्हणून बसवायची असेल तेव्हाच थ्रेड सेफ लागते. त्याच पानावर मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल सी प्लस प्लस रीडिस्ट्रिब्युटेबलचा दुवा आहे. तोही उतरवा. हा राहून गेला की घरी 'व्हीसीरनटाइम १४० डीएलएल' सापडत नाही असा निरोप येतो आणि सगळं अडतं. मी आजवर सोडवलेल्या अडचणींत हीच सर्वांत जास्त वेळा आली आहे.

झिप शेजारी एसएचए २५६ ही लांबलचक खूण छापलेली असते. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) 'सर्टयुटिल', मग 'हायफन हॅशफाइल', मग फाइलीचं नाव आणि शेवटी 'एसएचए२५६' लिहिलं की तुमच्या फाइलीची खूण दिसते. दोन्ही सारख्या असतील तर फाइल पूर्ण आणि शाबूत आहे. तुटक नेटवर अर्धवट उतरलेली झिप कधीकधी उघडतेसुद्धा, म्हणून हा मिनिट वाचवू नका.

बसवण्याचा क्रम:

१. सी ड्राइव्हवर 'पीएचपी' नावाचं फोल्डर करून झिप त्यात सोडवा. डेस्कटॉपवर नको, नावात मराठी अक्षरं किंवा मोकळी जागा नको.

२. आतल्या 'पीएचपी डॉट आयएनआय हायफन डेव्हलपमेंट' या फाइलीची प्रत काढून तिला 'पीएचपी डॉट आयएनआय' असं नाव द्या.

३. ती उघडून 'एक्स्टेन्शन अंडरस्कोर डिर' च्या 'ईएक्सटी' लिहिलेल्या ओळीपुढचं अर्धविराम-चिन्ह काढा. तसंच 'एमबीस्ट्रिंग', 'इंटल', 'मायएसक्यूएलआय' आणि 'पीडीओ अंडरस्कोर एसक्यूलाइट' या ओळींपुढचं.

४. कमांड प्रॉम्प्टमध्ये त्या फोल्डरात जाऊन 'पीएचपी हायफन व्ही' द्या. कागदावर लिहिलेली आवृत्ती दिसली पाहिजे.

५. 'पीएचपी', मग दोन हायफन आणि 'आयएनआय' द्या. 'लोडेड कॉन्फिगरेशन फाइल' पुढे तुमच्या फाइलीचा पत्ता हवा. तिथे 'नन' दिसलं तर नव्वद टक्के वेळा फाइलीचं खरं नाव 'पीएचपी डॉट आयएनआय डॉट टीएक्सटी' झालेलं असतं. एक्स्प्लोररच्या 'व्ह्यू' मध्ये फाइल एक्स्टेन्शन दाखवायला सांगा, लगेच दिसेल.

वेगळा सर्व्हर लागत नाही. ५.४ पासून पीएचपीच्या पोटातच एक छोटा सर्व्हर आहे. तुमच्या कामाच्या फोल्डरातून 'पीएचपी', जागा, 'हायफन' आणि मोठं एस, जागा, 'लोकलहोस्ट' (म्हणजे तुमचाच संगणक), कोलन आणि ८००० अशी आज्ञा द्यायची. लहान एस दिला तर ती वेगळीच आज्ञा होते. 'पीएचपी' ही आज्ञाच ओळखली जात नसेल तर आधी सी ड्राइव्हवरच्या त्या प्रोग्रॅमचा पूर्ण पत्ता लिहा. हा सर्व्हर फक्त सरावासाठी आहे, खऱ्या साइटसाठी नाही.

*दुसरी वाट: झॅम्प (इंग्रजीत एक्स, ए, एम, पी, पी).* अपाचे फ्रेंड्स या संकेतस्थळावरून मिळतो. यात अपाचे सर्व्हर, मारियाडीबी हा डेटाबेस, पीएचपी आणि पर्ल एकत्र येतात, सोबत पीएचपी-मायअॅडमिनही. अभ्यासक्रमात डेटाबेसचे प्रयोग असतील तर हाच घ्या. 'प्रोग्रॅम फाइल्स' मध्ये बसवू नका, तिथे विंडोज लिहायला परवानगी देत नाही. तो सुचवतो तीच सी ड्राइव्हवरची जागा राहू द्या. तुमच्या फायली 'एचटीडॉक्स' या फोल्डरात ठेवायच्या.

कंट्रोल पॅनेलमध्ये अपाचे सुरू होऊन लगेच बंद पडत असेल तर बहुधा पोर्ट ८० (सर्व्हरचं ये-जा करायचं दार) दुसऱ्या एखाद्या प्रोग्रॅमनं धरून ठेवलं आहे. 'एचटीटीपीडी डॉट कॉन्फ' मध्ये 'लिसन ८०' च्या जागी 'लिसन ८०८०' करा आणि ब्राउझरमध्ये लोकलहोस्टच्या पुढे कोलन देऊन ८०८० लिहा. झॅम्पमधल्या डेटाबेसच्या 'रूट' वापरकर्त्याला सुरुवातीला पासवर्डच नसतो. स्वतःच्या लॅपटॉपवर शिकायला ठीक. हा संच नेटवर उघडा करू नका.

माझा कल पहिल्या वाटेकडे आहे. पहिले तीन-चार आठवडे डेटाबेस लागत नाही, आणि लागला तर एसक्यूलाइट पुरतो. त्यात आख्खा डेटाबेस म्हणजे एक फाइल असते. झॅम्पमध्ये पहिल्याच दिवशी पोर्ट आणि सर्व्हरची भांडणं सोडवावी लागतात आणि भाषा शिकणं बाजूला राहतं.

फक्त मोबाइल असलेल्यांनी खट्टू होऊ नये. अँड्रॉइडवर टर्मक्स हे आज्ञा टाइप करायचं ॲप एफ-ड्रॉइड या मोफत ॲपच्या संग्रहावरून घ्या. 'पीकेजी इन्स्टॉल पीएचपी' अशी आज्ञा दिली की पीएचपी येते, आणि वर सांगितलेला छोटा सर्व्हर फोनमध्येही चालतो.

टप्पा ५: एडिटर

नोटपॅड प्लस प्लस पुरे. काही एमबींचा आहे आणि जुन्या लॅपटॉपवरही पळतो. 'एन्कोडिंग' या मेनूत 'यूटीएफ-८' निवडा, 'यूटीएफ-८ बीओएम' नको. बीओएम असलं की फाइलीच्या तोंडाशी न दिसणारी तीन बाइट बसतात. मग सेशन किंवा रीडायरेक्ट शिकताना 'हेडर्स ऑलरेडी सेंट' अशी तक्रार येते आणि कोडमध्ये चूक सापडत नाही.

टप्पा ६: धड्यांची एकच मालिका

मराठीतून ऐकायचं असेल तर आयआयटी मुंबईचा 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्प आहे. दहा-पंधरा मिनिटांचे छोटे धडे, पडद्यावर इंग्रजी आणि कानावर आपली भाषा. त्यात पीएचपी आणि मायएसक्यूएलची मालिका आहे. नेट नसलेल्यांसाठी विषय आणि भाषा निवडून झिप तयार करून घेण्याची सोयही तिथे आहे. धड्यांची लिखित संहिताही घ्या. डेटा कमी असेल तर नुसत्या संहितेवरही काम होतं.

पाहायची रीत ठरलेली आहे: पडद्याच्या अर्ध्या भागात धडा, उरलेल्या अर्ध्यात तुमचा एडिटर. धडा थांबवत थांबवत टाइप करायचं. नुसते पाहत बसलात तर पाचव्या धड्याला पहिला विसरलेला असतो.

मालिका जुन्या काळी तयार झालेली आहे, म्हणून टप्पा २ मधल्या खुणा इथेही लावा. व्हेरिएबल, अट, लूप, फंक्शन, फॉर्म हे भाग आजही उपयोगी आहेत. जिथे 'मायएसक्यूएल अंडरस्कोर कनेक्ट' दिसेल तिथे व्हिडिओ थांबवा आणि मॅन्युअलमधलं पीडीओचं प्रकरण उघडा. कोडच्या सुरुवातीला नुसतं '<?' असेल तर त्याच्या पुढे पीएचपी ही तीन अक्षरं जोडा. डेव्हलपमेंटच्या आयएनआय फाइलीत तो आखूड टॅग बंद असतो आणि मग सगळा कोड जसाच्या तसा पानावर छापला जातो.

दुसरी मालिका घेऊ नका. तिसरी तर नकोच. दोन शिक्षक एकच गोष्ट वेगळ्या क्रमानं सांगतात आणि शिकणारा प्रत्येक मालिकेचे पहिले सहा धडेच पुन्हा पुन्हा करत राहतो.

> सावध: 'फ्री पीडीएफ' म्हणून विकत मिळणारी पुस्तकं वाटणाऱ्या साइटवर तीन-चार हिरवी 'डाउनलोड' बटणं असतात. पीडीएफच्या नावानं शेवटी 'ईएक्सई' असलेली फाइल आली तर उघडू नका, लगेच काढून टाका. पीएचपीचं मॅन्युअल क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली आहे. श्रेय देऊन ते कितीही जणांना वाटता येतं. चोरीच्या पुस्तकाची गरज इथे पडत नाही.

टप्पा ७: एचटीएमएल, सीएसएस आणि जावास्क्रिप्टचा संदर्भ

पीएचपीनं तयार होतं ते एचटीएमएलच, म्हणून त्याचाही संदर्भ हाताशी हवा. 'झील' हा विंडोज आणि लिनक्ससाठीचा मोफत प्रोग्रॅम घ्या आणि त्यातून या तिन्हींचे डॉकसेट (संदर्भाचे संच) उतरवा. 'डेव्हडॉक्स' ही साइटही ऑफलाइन चालते, पण तिथलं साहित्य त्याच ब्राउझरच्या पोटात राहतं. ब्राउझरचा इतिहास आणि साइट डेटा साफ केला की तेही जातं. भावंडांत मिळून एक लॅपटॉप असेल तर झील बरा.

स्टॅक ओव्हरफ्लोचा संपूर्ण संग्रह ऑफलाइन मिळतो असं ऐकून तो उतरवायला लागू नका. तो कित्येक दहा जीबींचा आहे.

टप्पा ८: उठण्याआधी नेट बंद करून चाचणी

वायफाय बंद करा. लॅपटॉप रीस्टार्ट करा. आता पुढच्या पाच गोष्टी जमल्या पाहिजेत:

१. मॅन्युअलची इंडेक्स फाइल उघडून 'लँग्वेज रेफरन्स' मधल्या एका पानावर जाता येतं.

२. एक फाइल करा, नाव 'पाहणी डॉट पीएचपी' (इंग्रजी अक्षरांत). पूर्ण टॅग देऊन त्यात 'पीएचपीइन्फो' हे फंक्शन बोलवा आणि लोकलहोस्टवरून ती उघडा. जांभळट पट्ट्यांचं लांब पान दिसलं पाहिजे. फाइल डबल क्लिक करून उघडू नका. तशी उघडली की पत्त्याच्या पट्टीत सुरुवातीला 'फाइल' दिसतं, पीएचपी चालतच नाही आणि कोड उघडा पडतो. ही चूक सगळे करतात.

३. त्या पानावर 'एमबीस्ट्रिंग' आणि 'इंटल' चे तक्ते सापडतात.

४. मुद्दाम एका ओळीच्या शेवटचा अर्धविराम काढा. फाइलीचं नाव आणि ओळीचा आकडा देणारी एरर दिसली पाहिजे. पान पांढरं राहिलं तर एरर दाखवणं बंद आहे. आयएनआय फाइल पुन्हा पाहा.

५. धड्याचा एक व्हिडिओ आवाजासह चालतो.

एक जरी अडलं तरी नेट समोरच आहे. घरी पोहोचल्यावर ते नसेल. त्यामुळे गर्दी असली, कॅफेवाला घड्याळाकडे पाहत असला, तरी ही दहा मिनिटं घ्याच.

टप्पा ९: मॅन्युअलचं पान कसं वाचायचं

साहित्य असूनही वापरलं जात नाही, ते इथे. पान इंग्रजीत आहे म्हणून लोक सरळ उदाहरणाची नक्कल करतात. 'एसटीआर-पॉस' चं पान उघडा आणि माझ्यासोबत वाचा. हे फंक्शन मोठ्या मजकुरात लहान मजकूर कुठे आहे ते सांगतं.

वरची ओळ म्हणजे त्याची कुंडली: कोणत्या क्रमानं काय द्यायचं, कोणत्या प्रकारचं, आणि परत काय मिळणार. परत मिळण्याच्या जागी 'इंट' किंवा 'फॉल्स' असं आहे. खाली 'रिटर्न व्हॅल्यूज' मध्ये चौकटीतला इशारा आहे. सापडलं तर जागेचा आकडा मिळतो, पण मोजणी शून्यापासून असते. 'पुणे शहर' मध्ये 'पुणे' शोधलं तर उत्तर येतं शून्य. तुम्ही नुसत्या 'इफ' मध्ये ते टाकलं की शून्य म्हणजे खोटं असं धरलं जातं आणि प्रोग्रॅम सांगतो, पुणे सापडलं नाही. म्हणून उत्तर 'फॉल्स' आहे का हे तीन बरोबर-चिन्हांनी (===) ताडायचं. हा इशारा न वाचता गेलेली संध्याकाळ माझ्या जवळजवळ प्रत्येक विद्यार्थ्याच्या वाट्याला आली आहे.

मग 'चेंजलॉग' पाहा. कोणत्या आवृत्तीत काय बदललं हे तिथे असतं. जुना धडा नव्या आवृत्तीवर का अडतो याचं उत्तर बहुधा इथे सापडतं. शेवटी 'सी ऑल्सो'. तिथून जवळच्या फंक्शनांकडे जाता येतं. नुसतं 'आहे की नाही' एवढंच विचारायचं असेल तर ८.० पासून 'एसटीआर अंडरस्कोर कंटेन्स' आहे आणि ते सरळ हो किंवा नाही सांगतं.

टप्पा १०: पहिला सराव मराठी मजकुरावर

इंग्रजी नावांवर सगळं सुरळीत चालतं आणि पहिल्या खऱ्या कामात मराठी नाव आलं की कोलमडतं. म्हणून हे आधीच करून पाहा. 'मराठी' हा शब्द घ्या आणि त्याची लांबी तीन फंक्शनांनी मोजा. 'स्ट्रलेन' १५ सांगेल, कारण ते बाइट मोजतं आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं आहे. 'एमबी अंडरस्कोर स्ट्रलेन' ५ सांगेल: म, र, काना, ठ, वेलांटी. 'ग्राफीम अंडरस्कोर स्ट्रलेन' ३ सांगेल, म्हणजे आपण वाचतो तशी अक्षरं. तिसरं चाललं नाही तर टप्पा ४ मधली 'इंटल' ची ओळ राहिली आहे.

फॉर्ममध्ये 'नाव वीस अक्षरांपेक्षा मोठं नको' अशी अट स्ट्रलेननं घातली तर 'ज्ञानेश्वर' सुद्धा बाद होतो. त्यात दहा चिन्हं, म्हणजे तीस बाइट आहेत. डेटाबेस करताना कॅरेक्टर सेट 'यूटीएफ८एमबी४' ठेवा, नाहीतर साठवलेल्या नावांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग दिसेल.

ठेवण आणि वाटप

सगळ्या मूळ दाबलेल्या फायली 'मूळ' या फोल्डरात एकत्र ठेवा आणि त्यात एक साधी मजकुराची फाइल करा: काय, कोणती आवृत्ती, कुठून, कोणत्या तारखेला. मित्राला देताना सोडवलेलं फोल्डर देऊ नका, हे 'मूळ' द्या. त्याच्या लॅपटॉपवर टप्पा ४ पासून त्याच्याकडूनच करवून घ्या.

डिसेंबरात, नवी आवृत्ती येऊन गेल्यावर, 'सपोर्टेड व्हर्जन्स' चं पान पुन्हा पाहा. तुमच्या आवृत्तीची मुदत बाकी असेल तर तिच्यातली ताजी दुरुस्ती आणि नवं मॅन्युअल एवढंच उतरवा. मुदत संपत आली असेल तर आधी मॅन्युअलच्या 'अपेंडिसेस' मधलं एका आवृत्तीवरून दुसरीकडे जाण्याचं प्रकरण वाचा, आणि जुन्या 'पीएचपी' फोल्डरचं नाव बदलून ते बाजूला ठेवा. नव्यावर तुमचे सगळे सराव चालले की मगच ते पुसा.